एका सहीचे मोल

'सावत्र' हा शब्द कानी पडताच, वाचकहो, आपल्या डोळ्यांपुढे प्रथम आई उभी राहते. ध्रुवाला पित्याच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची, रामाला वनात धाडणारी कैकेयी, आणि श्रावणात ऐकलेल्या कहाण्यांतील कितीतरी अनाम स्त्रिया. सावत्र बापाची कहाणी मात्र आपल्या आजीने आपणांस क्वचितच सांगितली असेल. कारण उघड आहे. ज्यांनी कहाण्या लिहून ठेवल्या त्या घरांत पुरुषाचे दुसरे, तिसरे लग्न राजरोस होत असे. स्त्रीला दुसरा संसार मांडण्याची मुभा नव्हती. ज्या समाजांत पाटाची रूढी होती त्यांच्या घरच्या गोष्टी पुस्तकांपर्यंत फारशा पोचल्या नाहीत. म्हणून सावत्र बापाने कसे वागावे याचा कित्ता, चांगला अथवा वाईट, आपल्यापाशी जवळजवळ नाहीच.

मी असा एक बाप आहे. मी गेली पंचवीस वर्षे बडोद्यास राहतो. २०१८ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, माझा विवाह झाला तेव्हा माझ्या पत्नीस पहिल्या विवाहाची एक मुलगी होती. तिला नुकतेच सहावे वर्ष संपले होते. तो पहिला विवाह २०१५ साली महाराष्ट्रातील एका न्यायालयाच्या निकालाने संपुष्टात आला होता. मुलीचा ताबा आईकडे, भेटीचा अधिकार वडिलांकडे, आणि मुलीच्या पोषणासाठी वडिलांनी दरमहा चार हजार रुपये द्यावेत, असा तो निकाल. रक्कम मोठी नव्हती. वडील चांगल्या नोकरीत होते. त्यांनी चौदा महिने पैसे पाठविले आणि १९१६ च्या नव्हे, २०१६ च्याच ऑगस्टपासून (तारीख इतकी जुनी वाटते खरी) पाठविणे बंद केले. पुढे ते दक्षिणेतील एका शहरी गेले, तेथे त्यांनीही दुसरा संसार थाटला. भेटीस ते एकंदर दोनदा आले.

मुलगी मला 'काका' म्हणते. 'बाबा' म्हण, असे मी तिला कधी सुचविले नाही आणि तिच्या आईनेही नाही. आपल्याकडे काका हा शब्द वाटेल त्या परक्या माणसाला लावला जातो हे खरे. पण रोज रात्री पुस्तकाला कव्हर घालून मागताना, ताप चढला असता पाणी मागताना, तोच शब्द वेगळा ऐकू येतो. कमाटीबागेत तिला सायकल शिकविताना मी सीट धरून धावत असे. अपूर्णांकांची बेरीज तिला तीन वर्षे जमली नाही आणि चौथ्या वर्षी एका संध्याकाळी अचानक जमली. घरात ती मराठी बोलते, अंगणात गुजराती, आणि रागावली म्हणजे कोणत्या भाषेत बोलेल याचा नेम नाही. यांतून जे नाते निपजले त्याला काय म्हणावे याचा विचार आम्हांला करावा लागला तो शाळेच्या एका पत्रकामुळे.

सहलीचे ते साधे पत्रक होते. 'पालकाची सही' या जागी मी सही केली. दुसऱ्या दिवशी ते परत आले. कारकुनाने तांबड्या शाईने लिहिले होते, 'नाव जुळत नाही'. आईने सही केली आणि प्रश्न मिटला. मला त्या कारकुनाचा राग आला नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याचेच बरोबर होते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक कोण हे सांगताना सहाव्या कलमाखाली स्पष्टीकरण दिले आहे, की 'पिता' व 'माता' या शब्दांत सावत्र पिता वा सावत्र माता येत नाहीत. त्याच वर्षीच्या वारसा कायद्यात पित्याच्या वारसांची जी यादी आहे तिच्यात सावत्र मुलीला स्थान नाही. मी उद्या डोळे मिटले तर, मृत्युपत्र केलेले नसल्यास, माझ्या घरातील एक खुर्चीही कायद्याने तिची होणार नाही. (ते मृत्युपत्र मी केले आहे, ज्या वाचकांच्या घरी अशी मुले असतील त्यांनी हे काम या महिन्यातच उरकावे.)

गंमत अशी, की कायद्याला सावत्र नाते अगदीच ठाऊक नाही असेही नाही. निर्वाहासंबंधीच्या कलमात अपत्यहीन सावत्र आईचे पोषण करण्याची जबाबदारी मुलांवर टाकलेली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही आईबापांच्या व्याख्येत सावत्र आई व सावत्र बाप यांचा समावेश आहे. म्हणजे वृद्धाने सावत्र मुलाकडे पाहावे याची सोय झाली. सावत्र मुलाने कोणाकडे पाहावे, हा प्रश्न मोकळाच राहिला.

त्यावर उपाय दत्तकाचा. आपण मराठी माणसे दत्तकाची गोष्ट निघाली की झाशीचे नाव घेतो, आणि आम्ही बडोदेकर १८७५ साली कवळाण्याहून आणलेल्या मुलाचे, जो पुढे सयाजीराव महाराज झाला. या साऱ्या गोष्टींत दत्तक घेतला जातो तो गादीसाठी, वंशासाठी, पिंडासाठी. आणि घेतला जातो तो मुलगाच. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगीही दत्तक घेता येईल असे ठरविले आणि दत्तहोमाची आवश्यकता उरली नाही. आज आमच्यासारख्यांपुढे दोन वाटा आहेत. एक याच १९५६ च्या कायद्याची. तीत मूल सामान्यतः पंधरा वर्षांखालील असावे लागते आणि पुरुषाने मुलगी दत्तक घ्यावयाची तर त्याचे वय तिच्यापेक्षा निदान एकवीस वर्षांनी अधिक असावे लागते. दुसरी वाट २०१५ च्या बाल न्याय कायद्याची. ती सर्व धर्मांच्या कुटुंबांस खुली आहे, वयाची मर्यादा अठरा वर्षांची आहे, आणि सावत्र पालकाच्या दत्तकाची स्वतंत्र तरतूद २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे. पतिपत्नींनी मिळून केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावयाची. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. ताब्याविषयी वाद न्यायालयात चालू असेल तर तो संपेपर्यंत मात्र थांबावे लागते.

वाट कोणतीही घ्या, जन्मदात्या पित्याच्या संमतीचा दगड आडवा येतोच. १९५६ च्या कायद्याचे नववे कलम २०१० साली सुधारले गेले. त्यापूर्वी मूल दत्तक देण्याचा अधिकार मुख्यतः पित्याचा होता. आता आई व वडील दोघांचा समान आहे, परंतु एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून तो वापरावयाचा नाही. अपवाद तीनच सांगितले आहेत. दुसऱ्याने संसाराचा पूर्ण त्याग केलेला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयाने त्यास विकल मनाचा ठरविले असेल तर. संन्यास घेतलेल्या बापाची संमती लागत नाही. पण बापपणाचा संन्यास घेऊन, नोकरीधंदा व नवा संसार नीट चालविणाऱ्या बापाची लागते. पोटगी थकविणे हा त्या कलमात अपवाद नाही.

या पोटगीविषयी दोन शब्द सविस्तर सांगितले पाहिजेत, कारण तिच्यासंबंधी सुशिक्षित घरांतही विलक्षण गैरसमज आढळतात. सर्वांत मोठा हा, की आईने पुनर्विवाह केला म्हणजे मुलाची पोटगी थांबते. आमच्या लग्नात एका वडीलधाऱ्या पाहुण्यांनी मला बाजूस घेऊन, "आता त्या माणसाकडून काही मागू नका, बरे दिसत नाही, मुलगी आता तुमची," असे प्रेमाने सांगितले होते. वस्तुतः पुनर्विवाहाने थांबते ती घटस्फोटित पत्नीची स्वतःची पोटगी. मुलाची थांबत नाही, कारण ती आईला दिलेली नसतेच. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम, दोन्हींत मुलाचा हक्क स्वतंत्र आहे. एके काळी या कलमाखाली फार तर ५०० रुपये मंजूर होत. ती मर्यादा २००१ साली गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले, की दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न व मालमत्ता शपथपत्रावर सांगावी आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी.

आदेश मिळविणे त्या मानाने सोपे. वसुली हेच खरे काम. ज्या महिन्याची रक्कम थकली असेल तिच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल पुढेमागे' म्हणून तीन वर्षे वाट पाहणाऱ्या भगिनीला या कलमाखाली मागील दोन वर्षांवर बहुधा पाणी सोडावे लागते. माझी पत्नी एका पतपेढीत हिशेबनीस आहे. तिने पहिल्या दिवसापासून एक लांब वही ठेवली: महिना, देय, मिळाले, बाकी, अर्जाची तारीख. दरवर्षी मार्चमध्ये तिचा अर्ज ठरलेला. दुसरी गोष्ट मला विवाहानंतर समजली. थकविणारा मनुष्य परराज्यात गेला म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. तो जेथे असेल तेथील दंडाधिकाऱ्यापुढेही तोच आदेश बजावता येतो, आणि आदेशाची प्रत आपणांस विनामूल्य मिळण्याचा अधिकार आहे. देशात नोकऱ्यांसाठी एवढी स्थलांतरे चालू असता ही तरतूद किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे. पुरेशा कारणावाचून रक्कम न भरणाऱ्यास प्रत्येक थकलेल्या महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. आणि तुरुंगात जाऊन आले म्हणजे देणे फिटले असेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केले आहे.

एकदा असे वॉरंट त्या गृहस्थांच्या दारी गेले तेव्हा तीन महिन्यांचे पैसे आले. मग पुन्हा शांतता. नोकरी बदलली, पत्ता बदलला, तारखांना वकील आले आणि पुढची तारीख घेऊन गेले. २०२३ च्या अखेरीस वहीत एकोणनव्वद महिन्यांपैकी श्याऐंशी महिने बाकी दिसत होते: ३,४४,००० रुपये.

जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या नात्यातील एक सज्जन आमच्याकडे आले. ते खरोखर सज्जन होते. त्यांनी मुलीसाठी तिळगूळ आणला होता. चहा झाल्यावर त्यांनी सांगितले, की आम्ही दत्तकाची चौकशी करीत आहोत हे तिकडे कळले आहे. सही मिळेल. अट एवढीच, की मागची बाकी सोडून द्यावी आणि अर्ज काढून घ्यावेत. "दोघांचेही भले आहे," ते म्हणाले. "त्याची कटकट संपेल, तुमची मुलगी तुमच्या नावावर होईल. आणि खरे सांगा, ते पैसे येणार आहेत का?"

वाचकहो, या बोलण्यात मोह होता हे मी नाकारीत नाही. पैसे येण्याचा संभव थोडा होता, हे मला दिसत होते. एका सहीने शाळेचे पत्रक, रुग्णालयातील कागद, वारसाहक्क, सारे प्रश्न सुटणार होते. शिवाय दत्तकानंतर जन्मदात्याकडून पुढची पोटगी मागण्याचा प्रश्नच उरत नाही. तेव्हा आम्ही सोडणार होतो ती मागची, न येणारी रक्कम. व्यवहारी माणसाने यात काय पाहावे?

माझी पत्नी मात्र क्षणभर गप्प राहून म्हणाली, "ते पैसे माझे नाहीत आणि यांचेही नाहीत. ते तिचे आहेत. तिच्याच पैशांनी तिच्यासाठी बाप विकत घ्यायचा का?"

तिच्या या प्रश्नाला कायद्यातही आधार आहे. १९५६ च्या कायद्याचे सतरावे कलम दत्तकाच्या मोबदल्यात पैसे अथवा अन्य लाभ घेण्यास व देण्यास मनाई करते, आणि त्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगते. बाल न्याय कायद्याखाली आदेश देणाऱ्या अधिकाऱ्यानेही असा काही मोबदला ठरलेला नाही याची खात्री करून घ्यावयाची असते. साडेतीन लाखांचे देणे माफ करणे हा मोबदला नव्हे असे कोणी पंडित सिद्ध करीलही. मला ते पटणार नाही. हातात नोटा ठेवल्या काय आणि हातातील नोटा मागितल्या नाहीत काय, सौदा तो सौदाच.

तरीही पाहुण्यांना उत्तर देण्यापूर्वी आम्ही मुलीशी बोलायचे ठरविले. दत्तकाच्या बाबतीत मुलाच्या इच्छेचा, त्याचे वय व समज पाहून, विचार झाला पाहिजे असे कायदाही सांगतो, आणि ती तेव्हा बारा वर्षांची होणार होती. पैशाची गोष्ट तिच्यापुढे काढावयाची नाही, हे आमचे आधीपासूनचे ठरलेले. वही कपाटात वरच्या फळीवर असते. वडिलांनी आपल्यासाठी काय दिले नाही याचा हिशेब मुलाच्या हाती देणे, हे मला त्या मुलावर घातलेले ओझे वाटते. इतरांचे मत वेगळे असू शकेल. आम्ही तिला एवढेच विचारले, की काकांचे नाव लावायला आणि कायद्याने त्यांची मुलगी व्हायला तुला आवडेल का.

तिने पुष्कळ वेळ विचार केला. मग आईला विचारले, "मग ते मला भेटायला येऊ शकणार नाहीत का?"

'ते' म्हणजे कोण, हे सांगावयास नको. पाच वर्षांत ज्यांचा फोनही आला नव्हता ते. दत्तकाने जन्मघराशी असलेले सारे संबंध कायद्याने तुटतात, आणि एकदा विधिपूर्वक झालेले दत्तक रद्द करता येत नाही. आम्ही तिला हे तिच्या भाषेत सांगितले. "मग थोडे थांबू या का?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून लगेच, "काका, तुम्हांला चालेल ना?"

मला चालले. वाईट वाटले नाही असे म्हटले तर आपण विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. परंतु त्या रात्री विचार करता मला नवव्या कलमाचीही बाजू थोडी दिसू लागली. बापाची संमती आवश्यक ठेवणाऱ्याने केवळ पुरुषाचा हट्ट राखला आहे असे नाही. त्याने एक दार उघडे ठेवले आहे, आणि त्या दारातून पाहणारे लहान मूल असते. गिरणी बंद पडली, आजार आला, कर्ज झाले म्हणून ज्याला महिन्याची रक्कम जमली नाही, त्याचे मूल त्या कारणाने त्याच्यापासून कायमचे तोडावे असे मीही म्हणणार नाही. अशा मनुष्यासाठी कायद्याने रक्कम कमी करून मागण्याची सोय ठेवलेली आहे. आमच्या गृहस्थांनी तसा अर्ज एकदाही केला नाही. न जमणे आणि न देणे यांतील भेद न्यायालयाला कागदपत्रांवरून ओळखता येतो. मग संमतीच्या कलमातही, वर्षानुवर्षे ऐपत असून न देणाऱ्या व न भेटणाऱ्या पालकासाठी न्यायाधीशाला काही विवेक वापरता यावा, असे माझे मत आहे. तो विवेक वापरतानाही मुलाला आधी विचारावे.

पाहुण्यांना आम्ही नम्रपणे नकार कळविला. वसुलीचे अर्ज चालू आहेत. यंदा त्यांच्या नव्या नोकरीचा पत्ता मिळाला असून तेथील न्यायालयातून वॉरंट निघाले आहे. मुलीच्या नावे बँकेत एक खाते उघडले आहे; जे तीन महिन्यांचे पैसे आले होते ते त्यात तसेच आहेत. तिच्या शिक्षणाचा खर्च घरातून चालतो, आणि तो चालतो म्हणून त्यांचे देणे कमी होत नाही, एवढे मी कोणी विचारल्यास सांगतो.

दैनंदिन अडचणींवर लहान लहान तोडगे निघाले. पारपत्राच्या अर्जात आई वा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते, हा नियम डिसेंबर २०१६ पासून आहे. तिच्या पारपत्रावर आईचे नाव आहे. शाळेला आईने लेखी कळविले आहे, की आणण्यानेण्यासाठी व तातडीच्या वेळी माझ्याशी बोलावे. आईच्या शब्दाला आता पूर्वीपेक्षा वजन आहे. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका पुनर्विवाहित विधवेच्या मुलाचे प्रकरण आले होते. कागदोपत्री दुसऱ्या पतीचे नाव 'सावत्र पिता' असे दाखवावे, हा खालच्या न्यायालयाचा आदेश जवळजवळ निर्दय व अविचारी आहे, असे तेथे म्हटले गेले, आणि मुलाचे आडनाव ठरविण्याचा आईचा अधिकार मान्य झाला. तेथे जन्मदाता हयात नव्हता, त्यामुळे आमची गोष्ट तिच्याशी पुरती जुळत नाही. पण तो शब्द मुलाच्या मनाला काय करतो हे त्या न्यायमूर्तींनी ओळखले, याचे मला समाधान वाटले.

२०२७ साली ती पंधरा वर्षांची होईल, तेव्हा एक वाट बहुधा बंद होईल. दुसरी २०३० पर्यंत खुली आहे. तिने त्यानंतर तो विषय काढलेला नाही आणि आम्हीही नाही. परवा शाळेच्या एका स्पर्धेच्या पत्रकावर तिने स्वतःच दोन रकाने आखून आणले होते, एक आईच्या सहीसाठी आणि एक माझ्या. शाळेने ते घेतले की परत केले, हे अद्याप कळलेले नाही.

मार्चमधील तारीख जवळ येत आहे. या खेपेस आम्हां दोघांना रेल्वेने दक्षिणेत जावे लागेल, आणि तीन दिवस माझी बहीण घरी येऊन राहील. मुलीची त्या आठवड्यात परीक्षा आहे.